खड्ड्यातला ऑर्गन

२००९ च्या जानेवारीत ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात मी रात्रभर जागून झाडीपट्टीचं नाटक पाहिलं आणि नागपूरला परतल्यावर एका रविवार पुरवणीसाठी त्यावर लेख लिहिला. लेख बरा उतरला आहे असं तेव्हा बऱ्याच जणांनी सांगितलं. कथानकाची ओढाताण, विनोदी पात्राची हुकमत, थंडीत पाय पोटाशी घेऊन बसलेला प्रेक्षक, पडदे, रोषणाई, सगळ्याची मी नोंद घेतली होती. संगीताच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं: संगीताबद्दल न लिहिलेलं बरं.

गेल्या वर्षी कात्रणांची फाईल चाळताना ते वाक्य पुन्हा समोर आलं. तीस वर्षं मी संगीतावर लिहितो आहे. ज्या विषयातलं मला थोडंफार कळतं, नेमका तोच विषय एका वाक्यात निकालात काढला होता. त्या रात्री ऑर्गनवर कोण होतं, तबला कोण वाजवत होतं, याचा लेखात उल्लेखसुद्धा नाही. गावाने छापलेल्या पत्रकात मात्र खालच्या ओळीत, बारीक टायपात, ती नावं होती. पत्रक त्याच फाईलमध्ये कात्रणाला टाचून ठेवलेलं सापडलं.

तरीही हा लेख लिहायचं कारण पुण्यात घडलं. भाची तिथे शिकते. तिने मला आग्रहाने कोरेगाव पार्कातल्या एका छोट्या क्लबात नेलं. चार मुलगे आणि एक मुलगी, सगळे पंचविशीच्या आतले, स्वतः लिहिलेली आणि स्वतः चाल लावलेली मराठी गाणी गात होते. या मंडळींना 'इंडी' म्हणतात. सिनेमाच्या किंवा रेकॉर्ड कंपनीच्या आश्रयाशिवाय आपलं गाणं आपण करणारे, एवढाच त्याचा साधा अर्थ. ही परंपरा आता अगदी कोवळी राहिलेली नाही. मुंबईच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' १९८६ मध्ये सुरू झालं. लोअर परळच्या गिरणीच्या आवारातलं 'ब्लू फ्रॉग' २००७ ते २०१६ चाललं, आणि पुण्यातच २०१० मध्ये 'एनएच सेव्हन वीकेंडर' भरू लागलं. 'स्वदेशी'सारख्या गटात मराठीतून रॅप होतो आणि आरेच्या जंगलावर गाणं होतं, हेही आता जुनं झालं. मला हे सगळं वाचून माहीत होतं. पण साठ-सत्तर माणसांच्या खोलीत, वादकापासून सहा फुटांवर बसून ऐकणं वेगळं. गिटारवाल्याचं बोट घसरलं की ते दिसतं. गायिकेने श्वास कुठे घेतला ते ऐकू येतं. चूक लपवायला जागा नसते, आणि चूक झाल्यावर ती मंडळी एकमेकांकडे बघून हसतात, तेही गाण्याचाच भाग होऊन जातं.

कार्यक्रम संपल्यावर गिटारवाल्याशी बोललो. तो सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. क्लबात मिळतं ते सामान वाहून नेणाऱ्या टॅक्सीत जातं, असं तो हसत म्हणाला. बाहेर पडताना भाचीने विचारलं, "मामा, तुमच्याकडे असं काही नसेल ना?" तुमच्याकडे म्हणजे विदर्भात. मी नाही म्हणालो. रात्रीच्या बसने नागपूरला येताना, अहिल्यानगरच्या पुढे कुठेतरी, आपण पोरीला खोटं सांगितलं असं वाटू लागलं.

वाचकांपैकी अनेकांना झाडीपट्टी परिचयाची असेल, तरी दोन शब्द सांगायला हवेत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचा धानाचा आणि जंगलाचा जो पट्टा आहे, ती झाडी. नाटकवाल्यांना जिल्ह्यांच्या सीमा फारशा कळत नाहीत. गडचिरोली तर १९८२ पर्यंत चंद्रपूरचाच भाग होता. हलका धान घरात आला की दिवाळी येते, दिवाळीमागून मंडई येते आणि मंडईसोबत नाटक येतं. ते थेट होळीपर्यंत. वैनगंगेकाठचं वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, ही या व्यवसायाची पेठ. गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे छोटं गाव नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांनी भरलेलं असतं. गावातलं मंडळ वडशाला येतं, कंपनीशी तारीख आणि रक्कम ठरवतं, पत्रकं छापतं, शेतात मांडव घालतं आणि तिकीट लावतं. खुर्चीचं वेगळं, जमिनीवरचं वेगळं. खर्च निघाला तर गावाचा फायदा, नाही निघाला तर मंडळातल्या पोरांच्या बापांना भुर्दंड. नाटकाला जोडून शंकरपट असायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने पट थांबला आणि २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा मोकळा झाला. मधल्या सात वर्षांत बैल गोठ्यात होते, पण नाटकं चालू होती. सरकारी अनुदानाच्या आधाराने न चालणारी, रोखीने तिकीट घेणाऱ्या माणसावर उभी असलेली रंगभूमी आज महाराष्ट्रात फार ठिकाणी उरलेली नाही.

या रंगभूमीवर लिहिलं गेलं नाही असं नाही. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडार यांचा अभ्यास आयुष्यभर लावून धरला. २०२२ मध्ये 'झॉलीवूड' नावाचा चित्रपट येऊन गेला. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गुरनोलीच्या या विनोदी नटाचं नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत आलं. मात्र हे लेखन भाषेवर, नटांवर, कथानकांवर, अर्थकारणावर आहे. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसून सहा-सात तास वाजवणाऱ्या माणसांवर फारसं कोणी लिहिलं नाही. मी तर एका वाक्यात त्यांना बाद केलं होतं.

गेल्या हंगामात, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, वडसा-कुरखेडा रस्त्याच्या आतल्या एका गावात गेलो. मंडळाच्या अध्यक्षाला आधीच सांगून ठेवलं होतं की मला खुर्ची नको, खड्ड्याच्या काठावर जागा हवी. त्याला हे विचित्र वाटलं. "तिथून हिरोइनचे पायच दिसतीन जी," असं त्याने बजावलं. कापणी झालेल्या बांधीत मांडव होता, जमिनीवर तणस पसरलेली. रंगमंचापुढे कमरेइतका खोल खड्डा. त्यात डावीकडे ऑर्गन, मध्ये तबला, उजवीकडे ऑक्टोपॅड, आणि ऑर्गनच्या बाजूला पुस्तक आणि बॅटरी घेतलेला प्रॉम्प्टर. तबल्यावर साठीचे काका होते. ऑक्टोपॅडवर एकोणीस वर्षांचा मुलगा, जो उन्हाळ्यात गोंडी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवतो. ऑर्गनवर बावीस-तेवीसचा एक सडपातळ तरुण, मफलर गुंडाळलेला. त्याचा हा तिसरा हंगाम. मुख्य गायिका-नटीचा पहिलाच.

ऑर्गन पायाचा होता. हे सांगायला हवं, कारण झाडीत आता कीबोर्डलाही ऑर्गनच म्हणतात. मराठी रंगभूमीवर १८८० मध्ये 'शाकुंतल' आलं तेव्हापासून गाणारा नट हा नाटकाचा कणा झाला आणि पुढे गंधर्वांच्या काळात पायाचा ऑर्गन त्याच्या साथीला स्थिरावला. पेटीला एक हात भात्यावर अडकतो. ऑर्गनचा भाता पाय सांभाळतात, दोन्ही हात मोकळे, सूर न तुटता लांबत राहतो. गायक-नट रंगमंचावर फिरत, बोलत, रडत गातो, तेव्हा त्याच्या पायाखाली असा न तुटणारा सूर लागतो. बोलपटांनी १९३० नंतर संगीत नाटकाची रया घालवली. पुण्या-मुंबईत तो ऑर्गन वाढदिवसाच्या प्रयोगांपुरता आणि शिष्यवृत्त्यांपुरता उरला. झाडीत तो धुळीत, थंडीत, मेटॅडोरच्या टपावर बांधून गावोगाव फिरत राहिला.

साडेदहाला नांदी झाली. पहिल्या अंकातच एक गोष्ट घडली आणि मी २००९ सालचा माझा कान कसा होता ते ओळखलं. नायकाने रंगपटात ऑर्गनवाल्याला पट्टी सांगितली होती काळी दोन. मी शेजारी उभा होतो. रंगमंचावर आल्यावर, थंडीने असेल किंवा टाळ्यांनी असेल, त्याने उचललं ते काळी तीनच्याही थोडं खाली, कुठल्याच पट्टीत नीट न बसणारं. क्लबातल्या गिटारवाल्याने अशा वेळी थांबून पुन्हा सुरुवात केली असती. प्रेक्षकांनी कौतुकाने हसून घेतलं असतं. इथे थांबता येत नाही. पोराने काय केलं? पहिल्या अर्ध्या ओळीत उजवा हात उचलूनच घेतला. डाव्या हाताने खालचा एकच सूर मंद धरला. नट अंदाजाने काळी तीनवर येऊन टेकला, तसा याने दुसऱ्या ओळीला तिथून हात टाकला. कीबोर्डवर बटण दाबलं की पट्टी बदलते, पायाच्या ऑर्गनवर सगळी बोटं नव्याने मांडावी लागतात. हे सगळं चार-पाच सेकंदांत झालं. मांडवातल्या दोन हजार माणसांना काही कळलं नाही, आणि कळू नये हेच त्याचं काम होतं.

२००९ मध्ये मी अशाच जागी 'बेसूर' म्हणून कान मिटले होते. माझा कान ध्वनिमुद्रिकेवर तयार झालेला. तिथे साथीदार ठरलेल्या गाण्याच्या मागून ठरलेल्या वाटेने जातो. इथे साथीदाराला प्रत्येक गाण्यात अपघात गृहीत धरावा लागतो. तालीम जवळजवळ नाही. नट एका हंगामात दोन-तीन नाटकं करतो, काही नागपूरहून आलेले असतात, संवादांना प्रॉम्प्टर आहे पण सुरांना नाही. सुरांचा प्रॉम्प्टर म्हणजे हा खड्ड्यातला पोरगा. तो संवादावरही लक्ष ठेवतो: बाप मेल्याचं कळलं की खर्जात एक लांब सूर, खलनायक आला की दोन स्वर एकमेकांवर आपटलेले, आणि नट वाक्य विसरला तर तेवढ्या वेळापुरता असा एखादा तुकडा, की ती गप्प राहण्याची जागा लेखकानेच लिहिली आहे असं वाटावं. त्या रात्री मी मोजायला लागलो होतो, अकरापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. अशा अकरा जागांपैकी तीन तरी मला खरोखर चांगल्या वाटल्या. बाकीच्या ठराविक होत्या, सिनेमातून उचललेल्या.

गायिकेबद्दल थोडं कठोर लिहावं लागेल. आवाज मोकळा, वरच्या सप्तकात न चिरकणारा, काळी चारवर सहज फिरणारा. पण तिने नाट्यपद मोबाईलवर ऐकून पाठ केलेलं होतं. प्रत्येक तान मूळ ध्वनिमुद्रिकेत जिथे येते तिथेच येत होती. श्वाससुद्धा ती मूळ गायिकेच्या जागी घेत होती, तिच्या स्वतःच्या छातीला तो तिथे नको असतानाही. मग 'वन्स मोअर' आला. झाडीत वन्स मोअर ही मागणी असते, ती टाळता येत नाही. दुसऱ्यांदा तिने तेच सगळं पुन्हा केलं, थोडं धापत. अंतऱ्याच्या मध्येच निवेदकाने कोणा पाटलांकडून पन्नास रुपयांचं बक्षीस जाहीर केलं (हा प्रकार बंद झाला पाहिजे असं मला वाटतं, क्लबात बर्फ फोडण्याचा आवाज येतो, त्यापेक्षा हे वाईट आहे). तिसऱ्यांदा गाताना ती दमली होती. ताना सोडल्या, पद सरळ गायली, एका शब्दावर थांबली, आणि ऑर्गन तिच्यासोबत थांबला. त्या तिसऱ्या खेपेत ते पद तिचं झालं. तिला हे कळलं असेल का, सांगता येत नाही. नंतर विचारलं तर ती म्हणाली, "तिसऱ्यांदा बिघडलं जी सर, दम नव्हता." मी तिला जे समजावण्याचा प्रयत्न केला ते तिला पटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या अंकात, दीडच्या सुमाराला, जनरेटर बंद पडला.

मांडव काळा झाला. माइक गेले, ऑक्टोपॅड मुका झाला, प्रॉम्प्टरची बॅटरी तेवढी खड्ड्यात पिवळी पडून राहिली. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. मंडळाची पोरं डिझेल की प्लग असं ओरडत पळाली. अशा वेळी प्रेक्षक उठला की परत बसत नाही, आणि मंडळाची रात्र बुडते, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तबल्याच्या काकांनी काही न बोलता ठेका धरला. मी ऐकला तो दंडारीच्या चालीतला होता, कापणीनंतर गावात पोरं नाचतात त्यातला. पोराने त्यावर दंडारीचीच एक चाल वाजवली. पुढच्या रांगांतल्या बायकांनी ती ओळखली आणि हसल्या. मग त्या चालीतून बाहेर पडून तो भलतीकडे गेला.

डाव्या हाताने षड्ज-पंचम धरलेले, पाय संथ. उजव्या हाताने कोमल गंधार घेत भीमपलासाची चाहूल द्यायची, आणि उतरताना अचानक शुद्ध गंधारावर पाय ठेवायचा. मग जणू काही झालंच नाही असं पुन्हा वर. प्रत्येक फेरीला तो शुद्ध गंधार थोडा लवकर येत होता. काका समेला मुद्दाम उशीर करत होते. अंधारात, माइकशिवाय, त्या ऑर्गनच्या पत्तींचा खरा आवाज मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला. कर्ण्यांतून आणि त्यांच्या त्या भयंकर इकोतून येतो तो आवाज अगदी वेगळा असतो. मागच्यांना काही ऐकू येत नसणार, तिथून शिट्ट्या चालूच होत्या, बरेच चहाला गेले. पुढचे चार-पाचशे लोक मात्र गप्प झाले. माझ्याजवळच्या एका म्हाताऱ्याने नातवाला मांडीवरून उतरवून पुढे ढकललं, ऐक म्हणून.

वीसेक मिनिटं चाललं असेल. समीक्षक म्हणून सांगायचं तर शेवटची सात-आठ मिनिटं रेंगाळली. सापडलेली गोष्ट तो पुन्हा पुन्हा दाखवत होता आणि पुढे कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. लाइट आली म्हणून ते संपलं, नाहीतर कसं संपलं असतं देव जाणे. पण पहिली दहा मिनिटं मी पुण्याच्या क्लबातल्या कुठल्याही गाण्याच्या बरोबरीने ठेवीन, आणि तिथलं एक गाणं मला फार आवडलं होतं.

पहाटे साडेचारला नाटक संपल्यावर शेकोटीपाशी त्याला विचारलं, ते काय होतं? "असंच बसवलं होतं जी सर, घरी. कुठं वाजवाचं म्हनून नाही." लाइट गेल्यावर भीती नाही वाटली? तो हसला. "लाइट गेली त माजी पेटी थोडीच बंद पडते."

पुण्याच्या मुलांचं गाणं स्वतःचं आहे, पण पोट भरायला त्यांना दुसरीकडे जावं लागतं. हा पोरगा संगीतावर जगतो. गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रा, १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीच्या दिवसांत भीमगीतांच्या पार्ट्या (१९५६ मध्ये नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी तिथे दीक्षा दिली होती), दिवाळी ते होळी नाटक, मग लग्नसराई, मधल्या काळात खंजिरीची भजनं. वर्षाचे सात-आठ महिने तो रोज वाजवतो. क्लबातल्या मुलांना वर्षात इतकी वाजवणी मिळाली तर ती वेडी होतील. मात्र त्याच्या हातून जातं ते सगळं गाणं दुसऱ्याचं. स्वतःचं वाजवायला त्याला जनरेटर बंद पडावा लागला. 'स्वतंत्र संगीतकार' हा शब्द आपण फार सहज वापरतो. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी ऐकलेल्या दोन्ही मांडवांत एकेकच होती.

अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडल्या: लोकसंगीत, भक्तिसंगीत, कलासंगीत, जनसंगीत वगैरे. झाडीतल्या या वादकाला आपण बेलाशक लोकसंगीतात टाकून मोकळे होतो. त्याने त्या रात्री दंडार वाजवली, नाट्यपदाला साथ केली, एक अभंग झाला, दोन सिनेमाची गाणी आणि तीन लावण्या झाल्या, आणि अंधारात जे केलं त्याला माझ्याकडे कलासंगीताशिवाय नाव नाही. 'लोककला' हा शब्द एकदा चिकटला की पुढे 'जतन' येतं, अनुदान येतं, महोत्सवातली दहा मिनिटं येतात. चूक काढायची सोय मात्र जाते. मला त्याच्या शेवटच्या आठ मिनिटांबद्दल तक्रार करता येते, कारण मी त्याला संगीतकार मानतो. ती तक्रार मी त्याच्यापाशी केली. तो म्हणाला, "खरं हाय. रस्ताच भेटला नाही." इतकं प्रामाणिक उत्तर मला मोठ्या मैफलींनंतर क्वचित मिळालं आहे.

दुसऱ्या दिवशी वडशाला कंपनीच्या मालकांना भेटलो. गृहस्थ मोकळे. नाटक करोनाच्या हंगामात बसलं तेव्हा नटांना घरून धान्य देणारे. ते म्हणाले, पुढच्या वर्षापासून पायाचा ऑर्गन बंद करायचा विचार आहे. कीबोर्ड घेणार, आणि निम्मी गाणी ट्रॅकवर. त्यांची कारणं खोटी नव्हती. ऑर्गनला गाडीत दोन माणसांची जागा जाते. पत्ती बिघडली की सूर लावून देणारा कारागीर शोधत हिंडावं लागतं. नव्या नटांना ट्रॅकवर गाण्याची सवय आहे, उलट वादकासोबत गाताना ते बावरतात. तरुण प्रेक्षकाला मोबाईलवर ऐकलेलं तसंच्या तसं हवं असतं. "आन् पेन ड्राइव्ह बीमार नाही पडत जी," ते म्हणाले. वादकाची 'नाईट' किती, हे मला पोराने सांगितलं आहे. छापू नका म्हणाला म्हणून छापत नाही. नायकाच्या आणि लावणीवालीच्या नाईटीपेक्षा ती पुष्कळ कमी आहे, एवढं सांगतो. म्हणजे काटकसर खड्ड्यातून सुरू व्हावी हे ठरलेलंच.

ट्रॅकवर काळी दोन म्हणजे काळी दोन. थंडीने घसा वर चढलेल्या नटासाठी तो अर्धी ओळ थांबणार नाही, आणि दमलेल्या मुलीने एका शब्दावर थांबायचं ठरवलं तर तो तिला सोडून पुढे निघून जाईल. मालकांना मी हे म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, तुमी हे लिहा. पन गावातलं मंडळ लेख वाचून तारीख नाही देत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. निघताना मात्र त्यांनी एक गोष्ट सांगितली: जनरेटरच्या त्या रात्रीनंतर त्या गावाच्या मंडळाने पुढच्या वर्षीची तारीख त्याच आठवड्यात पक्की केली होती, आणि अट घातली होती की ऑर्गनवर तोच पोरगा पाहिजे. नटासाठी अशी अट ते नेहमी ऐकतात. वादकासाठी पहिल्यांदाच ऐकली होती, आणि तिचं काय करायचं ते त्यांना उमगलं नव्हतं.

हा लेख संपादकांकडे पाठवण्याच्या आदल्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षाने यंदाच्या पत्रकाचा फोटो मोबाईलवर पाठवला. वर नायक-नायिकांचे गोल फोटो, लावणीसम्राज्ञी, विनोदाचा बादशहा, तिकिटाचे दर. मी बोटांनी फोटो मोठा करत थेट खालच्या ओळीला गेलो. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, तिन्ही शब्द आहेत. पहिल्या शब्दापुढे त्याचं नाव आहे. पायाचा की बटणांचा, हे पत्रकावरून कळायला मार्ग नाही.

प्रयोग मंडईच्या रात्री आहे. भाचीचं पुण्याहून तिकीट काढलं आहे, आणि तिला स्वेटर आणायला सांगितलं आहे.